भूल, रेडिओ म्हणजे आराम? कोकणात येऊन बघा

नीट पीजीचं, म्हणजे एमबीबीएसनंतर ब्रँच निवडायचं, काउन्सिलिंग आलं की तोच मेसेज परत फिरायला लागतो, "स्किन, रेडिओ, भूल, पॅथो घ्या आणि सुखात राहा, गायनॅक-मेडिसिन घ्याल तर घरदार विसरा." (रेडिओ म्हणजे सोनोग्राफी-एक्सरे, पॅथो म्हणजे लॅबच्या तपासण्या, गायनॅक म्हणजे बाळंतपणं आणि बायकांचे आजार.) मुंबई-पुण्यात बसून कुणीतरी केलेली यादी आहे ही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात परत येऊ म्हणणारी पोरंही तीच बघून चॉईस भरतात म्हणून लिहितोय.

आधी भूल. म्हणे ओपीडी नाही, पेशंटची कटकट नाही, केस संपली की घरी. संपल्यावर घरी हे बरोबर, पण केस सुरू कधी होणार ते तुम्ही ठरवता का? आमच्याकडे बऱ्याच तालुक्यांत भूलवाले बोटावर मोजण्याइतके, आणि सगळी नर्सिंग होम त्यांच्यावरच. रात्री दोनला बाळाचे ठोके उतरायला लागले की गायनॅक मॅडम पहिला फोन भूलवाल्याला करतात, तो पोचल्याशिवाय सिझर होत नाही. मग जुलैचा पाऊस, लाईट गेलेली, रस्त्यात आडवं पडलेलं झाड चुकवत हा येणार, स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, देणार, बीपी पडलं ते सावरणार, बाळ रडलं की जरा हुश्श करतोय तोवर दुसरीकडून फोन, हायवेवरचा अ‍ॅक्सिडेंट आलाय लवकर या. याला आराम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

रेडिओ, एसीत बसून काम. बसून आहे हे खरं. पण पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचं काय? प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद म्हणून फॉर्म एफ, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत रिपोर्ट, आणि रेकॉर्डमधल्या त्रुटी नुसत्या कारकुनी चुका म्हणून सोडता येणार नाहीत हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलंय. मशीनला सील लागायची ही धाकधूक त्या यादीत कुठेच नाही.

स्किनचं मान्य, गजकर्णासाठी रात्री कोणी उठवत नाही. फक्त पावसाळ्यात ओपीडी तुडुंब, आणि निम्मे लोक मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब महिनाभर चोळून मगच येतात, त्यामुळे तो नायटा काही लवकर हटत नाही. पॅथोची रात्रही शांत, तिथे काळजी धंद्याची, मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटरं आता तालुक्यापर्यंत आलीत.

मेडिसिनची हमाली खरी आहे, पण ती बारमाही सारखी नसते. भातलावणी झाली की लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा ताप, मग डेंग्यू, किडनी गेलेले, प्लेटलेट उतरलेले पेशंट, झोपेचं खोबरं. तेच फेब्रुवारीत गेलात तर डॉक्टर संध्याकाळी घरी दिसतात.

आणि गायनॅक. एकटीनं हॉस्पिटल काढलं तर मेसेजमधलं अक्षर न् अक्षर खरं. पण तिघीजणी मिळून चालवतात तिथे रात्री वाटून घेतात, सुट्टीही मिळते. म्हणजे ब्रँच तीच, दिवस वेगळे, कारण कामाचा भार तुमच्या जोडीला त्या गावात अजून कोण आहे त्यावर ठरतो, आणि यादीत नेमका हाच कॉलम नाही. चॉईस भरायच्या आधी जिथे राहायचंय तिथल्या त्या ब्रँचच्या डॉक्टरला एवढंच विचारा, गणपतीत तुमचे कॉल कोण घेतं?