ऑइल पिणं हा दोष नव्हे

माझ्दाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारवरच्या लेखात ती 'ऑइल पिते' हा दोष म्हणून दिलाय, तेवढं पटलं नाही. अहो, तिच्या रोटरी इंजिनाची रचनाच तशी आहे! त्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. या रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, इंजिनाच्या आतल्या भिंतीला सतत घासत फिरतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दामच थोडं थोडं ऑइल आत सोडतो. सुरुवातीला हेच सील भिंतीवर ओरखडे काढायचे, माझ्दाचे इंजिनिअर त्या ओरखड्यांना 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हणत. माझ्दाचेच इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या टीमने त्यावर तोड काढली, तेव्हा कुठे १९६७ साली माझ्दाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, रस्त्यावर आली. आरएक्स-७ आली १९७८ मध्ये. ५७३ सीसीचे दोन रोटर, इंजिन एवढंसं, त्यामुळे ते पुढच्या आसाच्या मागे बसतं आणि गाडी वळणावर सुरेख वळते. मायलेजचं मात्र विचारू नका.