परराष्ट्र धोरणाचं पुस्तक लावताना अनुक्रमणिका बघू नका, १९६२ चं प्रकरण उघडा

बी.ए.ला भारताचं परराष्ट्र धोरण शिकवणाऱ्या मराठवाड्यातल्या सगळ्या सहकाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. पुस्तकातली युनिटं अभ्यासक्रमाशी जुळतात एवढं पाहून पुस्तक लावू नका. युनिटं जुळवणं प्रकाशकाला अवघड नसतं. अभ्यासक्रम बदलला की तोच मजकूर नव्या मुखपृष्ठात बांधून येतो.

पुण्या-मुंबईच्या मुलाला एक पुस्तक पटलं नाही तर दुसरं मिळतं. कळंब, गेवराई, जिंतूर, मुखेड इथल्या मुलांसाठी आपण सांगितलेलं एक मराठी पुस्तक हाच सगळा विषय असतो. तेही वर्गात दोघं-तिघं विकत घेतात, बाकीचे झेरॉक्स काढतात. यातलीच बरीच मुलं पुढे स्पर्धा परीक्षेला बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तिथे ‘अलिप्ततावादाची वैशिष्ट्ये’ (अलिप्ततावाद म्हणजे महासत्तांच्या कुठल्याही गटात न जाणं) पाठ करून निभावत नाही.

पुस्तक हातात आलं की मी आधी १९६२ चं, म्हणजे भारत-चीन युद्धाचं प्रकरण काढते. चीनने विश्वासघात केला, एवढ्यावरच ते आटोपलं असेल तर पुस्तक परत. १९१४ ची सिमला परिषद आणि तिथे ठरलेली सीमेची मॅकमहोन रेषा, चीनने अक्साई चीनमधून काढलेला रस्ता, १९५९ मध्ये दलाई लामांना दिलेला आश्रय, १९६० मध्ये दिल्लीत निष्फळ ठरलेली नेहरू आणि चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांची बोलणी, नंतर पुढे सरकवलेल्या आपल्या चौक्या हे सगळं त्यात यायला हवं. लेखकाने भारताची बाजू घ्यावी, मीही घेते. पण समोरच्याचं म्हणणं काय होतं हेच माहीत नसेल तर आपलं म्हणणं बरोबर का, हे मुलांनी मांडायचं कसं?

मग १९७१. मी पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांत अलिप्ततावाद एका प्रकरणात आणि सोव्हिएत मैत्री करार भलत्याच प्रकरणात असतो, दोघांची गाठच पडत नाही. ९ ऑगस्ट १९७१ चा हा करार अवघ्या बारा कलमांचा आहे. चौथ्या कलमात सोव्हिएत संघ म्हणतो की भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आम्ही आदर करतो. नवव्या कलमात ठरलं आहे की दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचं सावट आलं, तर लगेच एकमेकांशी सल्लामसलत करायची. ही दोन कलमं मी मराठीत फळ्यावर लिहिते आणि विचारते, या सहीनंतर भारत अलिप्त राहिला का? एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी पोरंसुद्धा तावातावाने बोलायला लागतात. इतका छोटा मूळ मजकूर पुस्तकात एका परिच्छेदाइतकाही नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं. पाकिस्तानशी १९७२ मध्ये झालेला सिमला करारही तसाच, काही पानांचा. परिशिष्टात मूळ करार छापणारं पुस्तक भाषेला थोडं रुक्ष असलं तरी मी तेच लावीन.

परराष्ट्र धोरण म्हणजे शिखर परिषदा आणि हस्तांदोलनं, असा समज आपली पुस्तकंच करून देतात. आपल्या मुलांच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. वेचणी तोंडावर असताना! ही सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार झाला, त्याचा संबंध लातूरच्या तुरीच्या भावाशी आहे. इंडोनेशियाने २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा आपल्याकडच्या किराणा दुकानात काय झालं, ते मुलांनी स्वतः पाहिलंय. व्यापारावर एकही धड प्रकरण नसलेलं पुस्तक मी आपल्या भागात तरी लावणार नाही.

आणि हैदराबाद! १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आपण दर वर्षी झेंडावंदन करतो, पण परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकात हैदराबादला जागा नसते. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली होती. १६ सप्टेंबरला, इकडे भारतीय फौजा संस्थानात शिरलेल्या असताना, पॅरिसमध्ये परिषदेपुढे हा विषय आला. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार होते. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, त्यामुळे त्याला परिषदेकडे येण्याचा अधिकार नाही, अशी भारताची भूमिका होती. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि काही दिवसांत तक्रारही मागे घेतली. घरचा प्रश्न कुठे संपतो आणि आंतरराष्ट्रीय प्रश्न कुठे सुरू होतो, हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण आपल्या मुलांना कुठलं देणार? काश्मीर आपण स्वतः सुरक्षा परिषदेत नेला, हैदराबादला मात्र तिथे येऊ द्यायचं नाही म्हणालो. या दोन भूमिका शेजारी ठेवून शिकवणारं पदवीचं मराठी पुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

काही जण म्हणतात, इंग्रजीतलं नावाजलेलं पुस्तक लावा. ते प्राध्यापकांनी वाचावं, वाचलंच पाहिजे. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ते लावलं की तो गाईडकडे वळतो. अगदी परवापर्यंतच्या घडामोडी पुस्तकात हव्यात, हा आग्रहही मला पटत नाही. त्यासाठी वर्तमानपत्र आहे.

या वर्षी मी एक मराठी पुस्तक मुख्य ठेवलंय आणि सोबत १९७१ चा करार, सिमला करार आणि हैदराबादच्या तक्रारीवरचं माझं टिपण असा छोटा संच करून झेरॉक्सवाल्याकडे ठेवलाय. कुणाला वर्गासाठी हवा असेल तर पाठवते. आणि तुमच्याकडे लावलेल्या पुस्तकात १९६२ किंवा हैदराबादवर चांगलं प्रकरण असेल तर पुस्तकाचं नाव जरूर कळवा, अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला ते सुचवायचं आहे.