फुल डुप्लेक्स फोन आणि ‘एका अपडेटचं काम’ वाला मेसेज

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी पाठवू अन् घेऊ शकतो, स्वतःचा सिग्नल त्याला माहीतच असतो, तो वजा केला की झालं, एका अपडेटचं काम आहे, स्पीड डबल होईल, पण कंपन्या दाबून ठेवताहेत. भाऊ, एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी पाठवणं अन् घेणं, म्हणजे फुल डुप्लेक्स, खरं आहे. बाकी बहुतेक चुकीचं.

‘वजा केला की झालं’ म्हणे. फोर-जी फोन जास्तीत जास्त २३ डीबीएमनं (हे पॉवरचं माप), म्हणजे २०० मिलीवॉटनं पाठवतो आणि रिसीव्हरचा नॉइज, म्हणजे त्याची स्वतःची खरखर, असतो उणे ९० डीबीएमच्या आसपास, म्हणजे स्वतःचाच सिग्नल ११० डीबीच्या (डेसिबल, दर १० ला दहापट) वर दाबावा लागतो, दहा हजार कोटी पट! मारबतीच्या मिरवणुकीत डीजेला टेकून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे. बरं, फोनला माहीत असतो तो डिजिटल सिग्नल, अँटेनातून निघतो तो पॉवर अँपनं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागानं, वाकडा केलेला.

अपडेटनं तर होणारच नाही. सॉफ्टवेअर एडीसीनंतर, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपनंतर येतं, १२ बिटच्या एडीसीची रेंज साधारण ७० डीबी, आपल्याच सिग्नलनं ती भरून गेली की लांबच्या टॉवरचा सिग्नल शेवटच्या बिटाच्याही खाली, मग जे नोंदलंच गेलं नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? म्हणून आधी सर्किटमध्येच कापावं लागतं. २०१३ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी वाय-फायवर एकाच अँटेनावर स्वतःचा सिग्नल ११० डीबी दाबून दाखवला, पण त्याला सर्क्युलेटर (जाणारा अन् येणारा सिग्नल वेगळा करणारा भाग) अन् डिले लाइना (सिग्नल किंचित उशिरा पोचवणाऱ्या तारा) असं वेगळं हार्डवेअर लागलं. आणि फोन हातात असतो राजेहो. बोट अँटेनाच्या कडेवर सरकलं की अँटेनाचं सर्किटशी मॅचिंग बदलतं, अँटेनावरून परत येणारा आपलाच सिग्नल बदलतो, आत्ता बसवलेलं कॅन्सलेशन, म्हणजे ती वजाबाकी, बिघडतं, पुन्हा ट्यून करा. खिशात टाकला, पुन्हा. खरी मेहनत इथं आहे आणि मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही याचं मला फार वाईट वाटतं.

स्पीड डबल? त्या प्रयोगात साधारण १.८७ पट आला, तोही दोन्ही बाजूंनी डेटा भरभरून चालू असताना. रील बघताना तुम्ही अपलोड करता किती? शिवाय शेजारच्याचा फोन त्याच फ्रिक्वेन्सीवर पाठवत असेल तर तो सिग्नल तुमच्या फोनला माहीतही नसतो, वजा काय करणार.

आणि दाबून काही ठेवलेलं नाही. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीनं मानकांच्या रिलीज १९ मध्ये हे उघड घेतलंय, फक्त टॉवरच्या बाजूनं, एकाच कॅरिअरचे, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्याचे, वेगवेगळे तुकडे पाठवायला अन् घ्यायला वापरून. फोन हाफ डुप्लेक्सच (एका वेळी पाठवणं किंवा घेणं, एकच) ठेवलाय, कारण टॉवरवर अँटेना लांब लांब लावायला जागा आहे, वीज आहे, फोनमध्ये दोन्ही नाही.