हार्मोन बिघडलं म्हणजे नेमकं कोणतं?

बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली सतत कुठलं ना कुठलं चूर्ण फिरत असतं. पाळी नियमित, वजन कमी, केस गळणं बंद, हनुवटीवरची लव गायब, थायरॉइड मुळापासून बरं. सगळं एकाच डब्यात. मग तीच पोस्ट मोबाइलवर उघडून बायका नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येतात. "मॅडम, हे भेटंल का? झाडपाल्याचं आहे, याले साइड इफेक्ट नाही म्हणते."

माझा प्रश्न ठरलेला असतो: कोणतं हार्मोन बिघडलं?

बहुतेकींना हे कोणी विचारलेलंच नसतं. पाळी लांबली तर थायरॉइड मंदावलेलं असेल, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढलेलं असेल, पीसीओएस म्हणजे बीजकोशांशी जोडलेला हार्मोनचा बिघाड असेल, चाळिशी उलटली असेल तर पाळी जायची सुरुवात असेल. आणि दिवसही गेलेले असू शकतात. हसू नका, चूर्ण घेऊन जाणाऱ्या बाईला आधी प्रेग्नन्सी किट घ्या म्हणून मी अनेकदा सांगितलंय. या प्रत्येकीचं औषध वेगळं. मग एकच डबा सगळ्यांना कसा चालेल?

मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. आमच्या कपाटात शतावरी आहे, अशोकारिष्ट आहे, कांचनार गुग्गुळ आहे आणि मी ते विकते. माझी तक्रार 'साइड इफेक्ट नाही' या वाक्याबद्दल आहे. ज्याचा इफेक्ट आहे त्याचा साइड इफेक्ट असणारच. नसेल तर मग पैसे कशाचे देता बाप्पा?

सध्या सगळ्यांची लाडकी अश्वगंधा घ्या. ती थायरॉइडचं प्रमाण वाढवू शकते, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. ज्यांचं थायरॉइड मंद आहे त्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण ज्यांचं आधीच जास्त चालतं त्यांची छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते आणि वजन उतरतं. वजन उतरलं म्हणून बाई खूश, शेजारणीलाही डबा सुचवते. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. मला ती बंदी जरा अतीच वाटते, पण आधी कावीळ झालेल्या माणसाने मनानेच अश्वगंधा सुरू करू नये, एवढं तर कळायला हवं.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. थायरॉइडची गोळी बंद करून चूर्ण सुरू करणं. त्या गोळीतलं थायरॉक्सिन हे हार्मोन शरीरातून फार सावकाश कमी होतं. निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे गोळी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस काहीच जाणवत नाही. बाई म्हणते, "पाहा, गोळी सोडली तरी मस्त आहे मी, चूर्ण लागू पडलं." प्रत्यक्षात ती जुन्या गोळीच्या शिलकीवर चाललेली असते. महिन्या-दीड महिन्यानं चेहरा सुजतो, आवाज बसतो, दुपारी डोळे मिटतात. तोपर्यंत चूर्णाची कीर्ती चार घरी पोचलेली. मूल हवं असलेल्या मुलीनं हे केलं तर नुकसान आणखी मोठं, कारण पहिल्या तिमाहीत गर्भाला आईच्याच थायरॉइडचा आधार असतो.

आता फायद्याचं. पुदिन्याच्या एका जातीच्या, स्पिअरमिंटच्या, चहावर पीसीओएस असलेल्या बायकांत इंग्लंडमध्ये चाचणी झाली होती. दिवसातून दोनदा, महिनाभर चहा घेतल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं. अंगावरच्या केसांत मात्र मोजण्याइतका फरक पडला नाही. केसांचं चक्रच मोठं, महिन्यात काय होणार! म्हणजे पूर्ण थोतांड नाही आणि जाहिरातीतला चमत्कारही नाही. मेथीदाणा साखर उतरवायला मदत करतो. म्हणूनच मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर तपासत राहायची. जवस तर आपल्या विदर्भाचीच, आणि त्यात इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनसारखे वागणारे लिग्नन नावाचे घटक असतात. भाकरीसोबत जवसाची चटणी खा की रोज, कोण नाही म्हणते? जेवणातली चटणी आणि दिवसाला सहा कॅप्सूल अर्क यांत फरक आहे, इतकंच.

ज्येष्ठमधाचं कोणी सांगतच नाही. पीसीओएसच्या काढ्यांत ते असतं आणि सलग बरेच दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. बीपीची गोळी घेणाऱ्या काकूंनी डब्यावरची यादी जरा चष्मा लावून वाचावी.

आणि यादीच नसेल तर? साध्या प्लास्टिकच्या पुडीत, नाव नाही, लायसन्स नंबर नाही, तारीख नाही, असं चूर्ण मला दाखवायला आणतात. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असलं तर पहिल्या आठवड्यात अंगात हुरूप येतो, भूक लागते, सांधे मोकळे होतात. मग चेहरा गोल होत जातो. आयुर्वेदाच्या नावावर हा पाप करणारा धंदा आहे. पाळीचे दोष दुरुस्त करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं मनाई आहे; गलगंड, लठ्ठपणा आणि मधुमेह हेही त्याच्या यादीत आहेत. तरी रीलवर सर्रास चालू आहे.

यात वैद्यांना मी गोवत नाही. सक्करदऱ्याला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, तिथं ओपीडीत बसून बघा. नाडी पाहतील, पोट कसं साफ होतं विचारतील, झोप विचारतील आणि मगच औषध लिहितील. सारखीच तक्रार घेऊन आलेल्या दोघींच्या हातात दोन वेगळ्या चिठ्ठ्या असतात. सगळ्यांना एकच डबा ही कल्पना आयुर्वेदाचीही नाही.

दोष आमच्या ॲलोपॅथीच्या बाजूचाही आहे. "चूर्ण-बिर्ण बंद करा, मग या" असं एकदा खेकसलं की बाई पुढच्या वेळी सांगतच नाही. घेत मात्र राहते. मग थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा वरखाली का होतोय हे डॉक्टरांना कळत नाही, ते डोस बदलत बसतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतल्या तर थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, हेही कोणी विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्या गोळ्या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात.

त्यामुळे मी एक सोपं काम सांगते. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घाला: गोळ्या, चूर्ण, आसव, सासूबाईंनी दिलेली पुडीसुद्धा. टेबलावर ओता आणि म्हणा, मी हे सगळं घेते. परवा एका वहिनींनी आमच्याच काउंटरवर अशी पिशवी उलटी केली. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली निघाली, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, अश्वगंधा आणि बिनलेबलची पुडी. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम त्या सकाळी एकाच घोटात घ्यायच्या, म्हणून गोळीचा काही भाग वायाच जात असावा. मी सांगितलं, थायरॉइडची उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत; लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. अश्वगंधा डॉक्टरांना विचारेपर्यंत बंद.

"आन ही पुडी?" त्यांनी विचारलं.

"कोणी दिली?"

"नंदेनं."

"मंग नंदेला विचारा, यात काय आहे ते. तिला सांगता आलं नाही तर घेऊ नका."