ॲस्पिनॉलचं दीड वर्ष कोण भरून देणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये टॉम ॲस्पिनॉलने सर्गेई पावलोविचला पहिल्याच फेरीत आडवं केलं आणि यूएफसीचा हेवीवेट गटाचा अंतरिम, म्हणजे तात्पुरता, पट्टा जिंकला. (यूएफसी म्हणजे एमएमएच्या, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र खेळाच्या, लढती भरवणारी अमेरिकन कंपनी.) चॅम्पियन जॉन जोन्स तेव्हा जखमी होता. तो बरा झाला की दोघांची लढत, हा साधा हिशोब. जोन्स बरा झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लढला कोणाशी? स्टिपे मिओचिचशी! वय ४२, आणि मार्च २०२१ नंतर एकही लढत नाही. नाव मोठं, तिकिटं खपली. ॲस्पिनॉलने मधल्या काळात मँचेस्टरला पट्टा राखलाही, पण जोन्सशी लढत काही लागली नाही. जून २०२५ मध्ये जोन्स निवृत्त झाला आणि पट्टा ॲस्पिनॉलला घरपोच मिळाला. जोन्सने टाळाटाळ केली असेलही, पण पट्टा काढून घेण्याचा अधिकार कंपनीकडेच होता ना?

माझा राग धंद्यावर नाही. सिडनीच्या कार्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या लढतींच्या यादीत, ऑस्ट्रेलियन पोरगा ठेवणार, हे उघड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या भारताच्या अंशुल जुबलीसमोर तिथे क्विलन सॅलकिल्ड होता आणि १९ सेकंदांत खेळ संपला. वाईट वाटलं, पण ती रीतसर लढत होती.

राग याचा की जोड लावणारा, पट्टा देणारा आणि पगार ठरवणारा एकच आहे. क्रमवारी पत्रकारांच्या मतांवर बनते, पण ती पाळायचं बंधन कंपनीवर नाही. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात पंच जोड लावतात तेव्हा विषम जोड दिसली की लोक जागच्या जागी ओरडतात, पंचांना ऐकावं लागतं. इथे कोणाला ओरडायचं? अमेरिकेत बॉक्सिंगसाठी २००० सालापासून मुहम्मद अली कायदा आहे. लढत भरवणारा प्रवर्तक आणि खेळाडूचा मॅनेजर वेगळे असावेत, क्रमवारीचे निकष स्पष्ट असावेत, असं तो सांगतो. (बॉक्सिंगमध्ये पट्ट्यांचा जो सुळसुळाट आहे तो वेगळाच रोग.) एमएमएला हा कायदा लागू नाही. तो लागू व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचंही तेच. यूएफसीच्या उत्पन्नातला जेमतेम पाचवा हिस्सा लढणाऱ्यांना मिळतो, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये निम्म्याच्या आसपास. लढवय्यांनी २०१४ मध्ये खटला भरला, तो ३७.५ कोटी डॉलरवर मिटायला २०२५ उजाडलं. त्याच वर्षी पॅरामाउंटशी प्रक्षेपणाचा सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार झाला. आता अमेरिकेत पे-पर-व्ह्यू, म्हणजे एकेक कार्ड घरी बघायला वेगळे पैसे, विकायची गरज उरली नाही. पैसा आधीच ठरलेला असेल तर मोठ्या नावामागे धावायचं कारण कमी होईल, असं काहींना वाटतं. मला उलट भीती आहे. प्रत्येक कार्ड विकायचं नसेल, तर चांगली जोड लावायची तरी घाई कोणाला?

हे मुंबईत बसून का लिहितोय? कारण अंधेरी, ठाणे, मीरा रोडच्या जिममधली पोरं रविवारी सकाळी हेच बघून स्वप्नं रंगवतात. भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीपर्यंत पोचला, २०२४ मध्ये पूजा तोमर तिथे जिंकून आली, त्यामुळे स्वप्न खोटं नाही. पण करारात लढायचे अमुक आणि जिंकलं तर तेवढेच आणखी, म्हणजे हरलेला अर्ध्यावर घरी. आठवड्यावर आलेली लढत, सात-आठ किलो वजन उतरवायचं, समोर कोण ते पुरतं माहीत नाही, तरी पोरगा 'हो' म्हणतो, कारण नाही म्हटलं तर पुन्हा फोन येणार नाही ही धास्ती.

तुमच्या जिममध्ये असा कोणी असेल तर सही करण्याआधी करार वकिलाला दाखवायला लावा. दुसरीकडे लढायची बंदी किती वर्षं आणि करार आपोआप वाढतो का, ही दोन कलमं आधी वाचा.