प्रतिक्रियेला उत्तर : वकील जिंकतो तेव्हा किंमत कोण मोजतं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही वीस वर्षं फौजदारी वकिली करताय आणि मी टीव्हीवरच्या वकिलांबद्दल लिहिते. घाईघाईत काहीतरी खरडून तुमच्या अनुभवाचा अपमान करायचा नव्हता.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या लेखात मी ‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकन मालिकेतल्या किम वेक्सलरला मालिकांमधली सगळ्यात प्रामाणिक वकील म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की लबाडीला ‘नैतिक गुंतागुंत’ असं गोंडस नाव देऊन मी तिचं उदात्तीकरण केलं. असल्या वकिलांची सनद खऱ्या जगात आठवडाभरही टिकणार नाही. आणि या मालिका बघून लोक तुम्हाला चारचौघांत विचारतात, ‘गुन्हेगाराची बाजू मांडताना काहीच कसं वाटत नाही?’ त्यापेक्षा जुन्या मालिकेतला वकील ‘पेरी मेसन’ बरा, त्याने या पेशाला मान मिळवून दिला, असंही तुम्ही लिहिलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे: एका खटल्यात तुमचा अशील निर्दोष सुटला, त्या दिवशी सरकार पक्षाची एक साक्षीदार बाई कोर्टाबाहेर तुमच्यासमोर येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, आणि तुम्ही ते अजून विसरलेला नाही.

त्या वाक्याकडे मी परत येणार आहे. (पुढे मालिकांचे शेवट उघड होतील. ज्यांना त्या बघायच्या आहेत त्यांनी इथेच थांबावं.)

आधी जे मान्य आहे ते सांगते. ‘डॅमेजेस’ (2007 ते 2012) मधल्या पॅटी ह्यूजला मी किमच्या रांगेत बसवलं, ती माझी चूक. साक्ष मिळवण्यासाठी एका बाईचं कुत्रं मारायला लावणारी आणि हाताखालच्या तरुण वकिलीणीचा जीव घ्यायला माणूस धाडणारी पॅटी गुन्हेगार आहे, एवढंच. अभिनेत्री ग्लेन क्लोजने ती अफाट उभी केली आहे, पण पॅटी वकील नसून एखाद्या कारखान्याची मालकीण असती तरी ती गोष्ट फारशी बदलली नसती. ‘सूट्स’बद्दलही तुमचा राग मला पटतो. माइक रॉस सनद नसताना वकिली करतो आणि बराच काळ मालिकेला चिंता असते ती तो पकडला जाईल का, याची. ज्यांनी विश्वासाने आपला खटला त्याच्या हाती दिला त्यांचं काय, याची तितकी नसते. पॅटीचा परिच्छेद मी लेखातून काढून टाकला आहे.

पण माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही, आणि ते मी लेखात नीट मांडलं नव्हतं. वकील नियम मोडतो तेव्हा बघणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही. तो चुकला, संपलं. वकील आपलं काम चोख करतो, आणि त्या कामामुळेच खटल्याशी फारसा संबंध नसलेलं कुणीतरी भरडलं जातं, तेव्हा मला झोप लागत नाही. चांगली मालिका त्या भरडलेल्या माणसाकडे कॅमेरा नेते. बाकीच्या मालिका निकाल लागला की पुढच्या खटल्याकडे वळतात.

‘बेटर कॉल सॉल’च्या तिसऱ्या सीझनमधली शिस्तभंगाची सुनावणी आठवा. मालिकेचा नायक, वकील जिमी मॅकगिल, याची सनद पणाला लागली आहे आणि विरुद्ध बाजूला साक्षीदार म्हणून त्याचा सख्खा भाऊ चक आहे, तोही वकीलच. विजेचा आपल्याला त्रास होतो, अशी चकची खात्री आहे. जिमीने एका माणसाकरवी त्याच्या कोटाच्या खिशात त्याच्या नकळत बॅटरी सरकवून ठेवलेली असते. ती बॅटरी दीड तासाहून जास्त वेळ खिशात होती आणि तुला काहीच झालं नाही, हे सगळ्यांसमोर उघड झाल्यावर चकचा तोल जातो. तो ओरडत सुटतो: जिमीने माझ्या कागदपत्रांतला पत्ता बदलला, 1216 चं 1261 केलं, 1216 म्हणजे मॅग्ना कार्टाच्या (इंग्लंडमधल्या 1215 च्या प्रसिद्ध करारनाम्याच्या) पुढचं वर्ष, मी असली चूक करीन का! कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जात राहतो. समोरच्या लोकांना दिसतो एक वेडापिसा झालेला माणूस. पण त्या पत्त्याबद्दल तो बोलतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. प्रेक्षक म्हणून मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी जिमीच्या बाजूने होते. प्रसंग संपल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

तुम्ही म्हणाल, खिशात बॅटरी सरकवणं हा डाव झाला, वकिली नव्हे. कबूल. डाव बाजूला ठेवा. उरतं काय? खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला खोटा वाटेल असं उभं करणं. हे मी स्वतः अनुभवलं आहे, म्हणून माझा जीव यात इतका अडकलाय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका अपघाताच्या खटल्यात मी साक्षीदार होते. सिग्नल लाल होता, गाडी थांबली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उलटतपासणीत वकिलांनी आवाज अजिबात चढवला नाही. त्यांनी विचारलं, हातात काय होतं? मी म्हटलं, पिशवी आणि फोन. फोन वाजला होता का? हो, थोडा आधी. मग कुणाचा आला ते बघितलं असेल? बघितलं असेल. म्हणजे तेव्हा नजर फोनवर होती? माझ्या तोंडून निघालं, ‘असेल कदाचित.’ ते ‘कदाचित’ नोंदवलं गेलं. वकिलांनी नम्रपणे आभार मानले आणि मी पिंजऱ्यातून उतरले ती खोटं बोलून पकडलं गेल्यासारखी. त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. निकाल काय लागला ते विचारण्याचा धीर मला आजवर झालेला नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही खोटे साक्षीदार उभे करत नाही.’ माझा विश्वास आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1986 मध्ये ‘निक्स विरुद्ध व्हाइटसाइड’ खटल्यात सांगितलं की खोटी साक्ष देण्यासाठी वकिलाची मदत मिळवण्याचा हक्क आरोपीला नाही. पण त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी 1967 मध्ये ‘वेड’ खटल्यातल्या आपल्या स्वतंत्र मतात हेही लिहून ठेवलंय की सत्य शोधून मांडण्याची जबाबदारी बचावाच्या वकिलावर नाही. साक्षीदार खरं बोलत असला तरी त्याला गोंधळात टाकता येत असेल, तर वकील सहसा तेच करणार. म्हणजे खोटा साक्षीदार उभा करायचा नाही, पण खरा हलवायला मुभा आहे. ही मुभा का लागते तेही मला समजतं. ती नसेल तर निरपराध आरोपीला सरकारच्या ताकदीपुढे उभं राहायला जमीनच उरणार नाही. पण त्या मुभेचं ओझं पिंजऱ्यातल्या माणसावर पडतं, आणि ते कुणीतरी दाखवायला हवं की नको?

‘द प्रॅक्टिस’ (1997 ते 2004) मला यासाठीच अजून आवडते. बॉबी डॉनेलच्या फर्ममध्ये एका युक्तीला ‘प्लॅन बी’ म्हणतात. आपला अशील वाचत नाहीसं दिसलं की ज्युरीसमोर दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवायचं, यानेही केलं असू शकेल एवढी शंका पेरायची. तो माणूस मयताच्या घरातलाही असू शकतो. अशील सुटतो, आणि ज्याच्यावर बोट रोखलं गेलं तो त्या संशयासकट घरी जातो. फर्ममधले लोक यावरून एकमेकांशी भांडतात, त्यांना शिसारी येते, आणि पुढच्या खटल्यात ते पुन्हा तेच करतात.

आता ‘पेरी मेसन’. अभिनेता रेमंड बरची ती मालिका, 1957 ते 1966. मलाही तो माणूस आवडतो. पण तुम्हाला चारचौघांत छळणारा तो प्रश्न कुठून येतो याचा विचार करा. पेरी मेसनचा अशील जवळजवळ नेहमीच निरपराध असतो आणि खरा गुन्हेगार भर कोर्टात कबुली देऊन मोकळा होतो. त्यातून बघणाऱ्याच्या मनात काय ठसतं? चांगला वकील निरपराधाचंच वकीलपत्र घेतो. मग तुमचा अशील दोषी असला की तुम्ही वाईट ठरता. त्या सभ्य मालिकेने दिलेला मान निरपराधाच्या वकिलापुरताच होता. दोषी माणसालाही वकील का हवा, हे लोकांना समजावण्याचं काम किमसारख्या पात्रांनी जास्त केलं आहे. श्रीमंत बँकेचं काम सोडून ती गरिबांचे फौजदारी खटले घेते आणि आरोप खरे असलेल्यांसाठीही जीव तोडून भांडते.

असले पेच फक्त लेखकांच्या डोक्यात असतात, हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही. 1973 मध्ये न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट गॅरो नावाच्या माणसाला खुनाबद्दल पकडलं. त्याने आपले वकील फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज यांना आणखी दोन तरुणींच्या खुनांबद्दल सांगितलं. दोघांनी जाऊन मृतदेह शोधून काढले, आणि ते गप्प राहिले. त्यातल्या एकीचे वडील मुलीचा काही पत्ता लागतो का म्हणून आर्मानींना येऊन भेटले, तरी आर्मानी काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गॅरोने स्वतः साक्षीत कबूल केलं तेव्हा हे बाहेर आलं. लोक खवळले, आर्मानींच्या वकिलीची वाताहत झाली, बेल्जवर गुन्हा दाखल झाला आणि मग कोर्टाने तो रद्द केला. त्यांनी अशिलाचं गुपित राखलं होतं, आणि ते राखणं त्यांचं कर्तव्य होतं.

शिकागोच्या ऑल्टन लोगनचं प्रकरण तर याहून जड आहे. न केलेल्या खुनासाठी तो 26 वर्षं तुरुंगात होता. तो खून अँड्र्यू विल्सनने केला हे विल्सनच्या दोन वकिलांना 1982 पासून माहीत होतं. त्यांनी ते शपथपत्रावर लिहून एका पेटीत बंद करून ठेवलं. विल्सन 2007 मध्ये मेला, तेव्हा त्याच्या आधीच्या परवानगीने ते बोलले, आणि 2008 मध्ये लोगन बाहेर आला. त्या वकिलांच्या जागी तुम्ही काय केलं असतं ते मी विचारत नाही, मला तो अधिकार नाही. पण ती पेटी कुठेतरी ठेवलेली आहे हे मनात घेऊन रोज कोर्टात जाणारा माणूस मला बघायचा असतो, आणि त्याच्या पलीकडे कोठडीत बसलेला लोगनही बघायचा असतो.

आता किम. तिने आणि जिमीने हॉवर्ड हॅमलिन या वकिलाला बदनाम करण्याचा डाव रचला, त्या गुंत्यात हॉवर्डचा बळी गेला, आणि स्मृतिसभेत किमने त्याच्या विधवेच्या तोंडावर खोटं सांगितलं की मी त्याला नशा करताना पाहिलंय. हे प्रामाणिक नाही, भयंकर आहे. मी ‘सगळ्यात प्रामाणिक’ लिहिताना हा प्रसंग झाकून पुढे गेले, तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. माझ्या मनात होतं ते त्यानंतरचं. ती कुणी न सांगता सनद परत करते. काही वर्षांनी शपथेवर सगळं लिहून काढते आणि ते कागद स्वतः नेऊन त्या विधवेच्या हातात देते. विधवा प्रश्न विचारते, पण किमकडे द्यायला दुसरं काही नसतं. मग विमानतळाच्या बसमध्ये बसल्या जागी ती फुटते. हुंदका थांबतो, परत येतो. शेजारची अनोळखी बाई नुसता हात ठेवते. कॅमेरा तिच्यावरच राहतो. लेखातलं वाक्य मी असं बदललंय: ‘आपण ज्याचं नुकसान केलं त्या माणसासमोर जाऊन उभी राहिलेली वकील.’

आणि म्हणूनच तुमचं ते शेवटचं वाक्य. त्या साक्षीदार बाईला तुम्ही पिंजऱ्यात काय विचारलं होतं, ती बाहेर किती वेळ उभी होती, तुम्ही तिच्याकडे बघितलं की फायली आवरत निघालात, हे तुम्ही लिहावं असं मला फार वाटतं. नावगाव काही नको. मी एकदा तिच्या जागी उभी होते, आणि मला उलटतपासणी घेणाऱ्या त्या वकिलांना बाहेर गाठायचं सुचलं नव्हतं. तुम्ही लिहून पाठवलंत तर एक शब्दही न बदलता इथेच छापीन.