विनाकारण

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे जा, राग नाही.

काल बाबांना घेऊन ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटकाला गेले होते. मध्यंतरात त्यांचा एक फोटो काढला. हातात बटाटेवडा, बोटांना चटणी, मास्क हनुवटीच्याही खाली, आणि चेहरा असा की शाळेला अचानक सुट्टी मिळालीय. तो फोटो मी हौसेने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. (चूक माझीच. त्या ग्रुपवर पाण्याची टाकी आणि पार्किंग सोडून काही टाकू नये.) पाचसहा अंगठे आले, दोन जोडलेले हात आले आणि मग एका काकांचा मेसेज आला, "पंच्याहत्तरी उलटल्यावर एवढी हौस बरी नव्हे. आवश्यक असेल तरच बाहेर पडावं. लोक सगळं विसरले एवढ्यात."

आवश्यक! या एका शब्दाने दोन वर्षं माझं डोकं खाल्लंय.

तुम्हाला मे २०२१ आठवतोय? किराणा सकाळी ७ ते ११, त्यानंतर सगळं चिडीचूप. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे, नौपाड्यात. संध्याकाळी सहाला तलावपाळीला जायचं, एक फेरी मारायची आणि ठरलेल्या कट्ट्यावर ठरलेल्या तिघांबरोबर बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. पहिल्या लॉकडाऊनपासून तो तुटला तो तुटलाच. मधे थोडं सैल झालं तेव्हा जेमतेम दोन महिने गेले असतील, तोवर दुसरी लाट आली. त्या मे महिन्यात एक दिवस मला न सांगता इस्त्रीचा शर्ट घालून, दोन मास्क लावून ते खाली उतरले. चौकात पोलिसांनी अडवलं.

"आजोबा, कुठे निघालात?"

"कुठे नाही. सहज."

आमच्या बाबांना खोटं बोलता येत नाही हो. औषध आणायला चाललोय म्हणाले असते तर सोडलं असतं. "सहज? इकडे माणसं मरतायत आणि तुम्ही सहज फिरताय?" असं म्हणून त्यांना अर्धा तास फुटपाथवर बसवून ठेवलं. शेजारी दोन पोरं उठाबशा काढत होती. बाबांना वयाकडे बघून उठाबशा माफ! ते मला कधी बोलले नाहीत, हे सगळं नंतर खालच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. घरी आले, हातपाय धुतले आणि आवाज बंद करून टीव्ही बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी काढली, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तेव्हापासून शर्ट कुठलाही असो, चिठ्ठी त्या खिशात जाते.

तो हवालदारही सकाळपासून उन्हात उभा असणार, त्याच्याही घरी कोणी आजारी असेल, मान्य. पुढे.

पेपरात रोज यायचं, "विनाकारण फिरणाऱ्यांवर कारवाई". विनाकारण म्हणजे काय? माणूस घराबाहेर पडतो त्यातल्या निम्म्या वेळा विनाकारणच पडतो की! ऑफिसहून येताना मी दादरला उतरायचे, फुलगल्लीत एक चक्कर मारायचे, एखादा गजरा घ्यायचा किंवा तोही नाही, आणि पुढची ठाणे लोकल पकडायची. त्याला काय कारण लिहू? ऑक्टोबर २०२० मध्ये बायकांना लोकल खुली केली ती ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. कुठल्या ऑफिसची वेळ ती? मग १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस. तेही केलं, निमूट केलं. गाडीत चढायला मिळालं याचाच आनंद एवढा की दादरला उतरायचं धाडस पुढे कित्येक आठवडे झालं नाही. न जाणो, कोणी विचारलं तर?

आणि उघडायचा क्रम बघा. २०२० मध्ये बार ५ ऑक्टोबरला उघडले, नाट्यगृहांना महिनाभर थांबावं लागलं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा पडदा पडला तो २२ ऑक्टोबरला वर गेला, तोही निम्म्या खुर्च्यांवर. बाटलीवर माझा राग नाही. पण नाटक "अनावश्यक" असेल तर प्रकाशयोजना करणारा, नेपथ्याचा टेम्पो चालवणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, मध्यंतरात वडे तळणारा, यांच्या चुलीही अनावश्यकच का? पडद्यामागच्या माणसांनी ही दोन वर्षं कशी काढली ते आपण वाचलंय, हळहळलोय आणि पुढचा व्हिडिओ बघितलाय. मीही तेच केलं, उगाच पुढारपण नको.

असो. कालचं सांगते, म्हणजे जरा शांत होईन.

तिकीट मी मोबाईलवर काढणार होते. बाबा म्हणाले, "खिडकीवर जाऊन काढू." १ एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठलेत, मास्कसुद्धा ज्याच्या त्याच्या मर्जीवर, हे त्यांना मी तीनदा सांगितलं होतं, तरी खिडकीपाशी गेल्यावर पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट दाखवायचंय का?" खिडकीतला माणूस हसला. "नाही आजोबा. जागा सांगा." त्याने प्लॅन पुढे केला. बाबांनी चष्मा लावला आणि परीक्षेचा पेपर वाचावा तसा तो प्लॅन वाचला. सातवी रांग, कडेच्या दोन, कारण गुडघा लांब करता येतो. पूर्वी कडेच्या तीन काढायचे. तिसऱ्या खुर्चीत बसणारे कट्ट्यावरचे काका गेल्या एप्रिलमध्ये गेले. कट्ट्यावर आता चौघांतले दोघेच उरलेत. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, फक्त पैसे मोजायला जरा जास्त वेळ लागला.

काल तासभर आधी जाऊन बसलो. तिसरी घंटा झाली, मोबाईल बंद करायची सूचना झाली, तरी कोणाचा तरी वाजलाच. अंधार झाला. मागच्या रांगेत कोणी खोकलं आणि आख्ख्या रांगेची मान वळली, मग सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. पहिल्या विनोदाला सगळे एकदम हसले तेव्हा बाबांनी माझा हात धरला. नाटक खरं सांगायचं तर बरं होतं, फार नाही. दुसरा अंक ताणलाय. पण आजूबाजूला आठशेएक अनोळखी माणसं एकाच वाक्याला हसतात, ते मी दोन वर्षांत ऐकलंच नव्हतं. घरी हसताना आपण एकटेच हसतो, हे तोवर लक्षातही आलं नव्हतं.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत बाबांची एका आजोबांशी गाठ पडली. पंधरा मिनिटं दोघे जुन्या नटांवर बोलत होते, एकमेकांचं नावसुद्धा विचारलं नाही. परत येऊन म्हणाले, "वडा पूर्वीसारखा नाही राहिला." इतक्या समाधानाने केलेली तक्रार मी किती दिवसांनी ऐकली! तेव्हाच तो फोटो काढला.

आता जे फोटोत नाही ते. बाहेर पडलो तर रस्त्यावर गाड्या हटवायला एक वाहतूक पोलीस उभा होता. त्याचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. बाबांचा हात मात्र सरळ खिशाकडे गेला. चिठ्ठीवर. नाटक बघून आलेला म्हातारा माणूस, हातात तिकिटाचा तुकडा, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी चाचपतोय! त्या चिठ्ठीतली गोळी तर डॉक्टरांनी कधीच बदलली.

म्हणून त्या मेसेजने डोकं फिरलं. "आवश्यक असेल तरच." काकांना मी सणसणीत उत्तर टाइप केलं होतं. बोट पाठवण्यावर होतं आणि आठवलं, त्यांचा थोरला भाऊ याच महिन्यात गेला, गेल्या वर्षी. शेवटचं तोंडही बघता आलं नाही. तेव्हा खाली बाकावर बसलेले असायचे, एकटे, आणि आपण सगळे लांबून हात जोडून लिफ्टकडे जायचो. मीही. त्यांना आमचा वडा बोचला असेल तर बोचू दे. उत्तर पुसलं.

पण तरी माझ्या बाबांनी घरात बसावं म्हणजे काकांना बरं वाटेल, हे मला पटत नाही. पुन्हा काही आलं, नवीन नावाचं काही ना काही ऐकू येतंच असतं, तर बसू घरात. बसलोच होतो की. पण ज्या दिवशी बसायची गरज नाही त्या दिवशीही कारण दाखवायचं? कोणाला? पाडव्याला स्वागतयात्रा बघायला बाबा माझ्याबरोबर आले होते. ढोल एवढे की कान बधिर झाले (तो आवाज अतीच असतो, बरोबर आहे), लेझीमवाल्या मुली, घोड्यावर नऊवारीतली एक चिमुरडी, आणि बाबा गर्दीत टाचा उंचावून बघतायत. तेव्हाही चिठ्ठी खिशात होतीच. धुवायला टाकताना मिळाली, मी काढून टेबलावर ठेवली. सकाळी टेबलावर नव्हती.

घरात आता नवीन प्रकार सुरू झालाय. बाहेर जायचं असलं की बाबा "कोथिंबीर आणतो" म्हणतात. रोज. आम्ही वड्या केल्या, चटण्या केल्या, शेजारी वाटल्या. फ्रिज उघडला की कोथिंबिरीचा भपकारा येतो. मी एकदा म्हटलंही, "बाबा, तुम्ही नुसतं जाऊन या ना." तर म्हणाले, "नुसतं कसं जायचं?"

आत्ता हे लिहितेय तोवर दाराशी चपलांचा आवाज झाला. सहाला पाच कमी आहेत. "कोथिंबीर आणतो गं."

"आहे बाबा. दोन जुड्या आहेत."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मग पुदिना."